नंदादीपाची रात्रीची पाळी – माझा अनुभव
महडच्या वरदविनायकाला गेलं की गाभाऱ्यातला नंदादीप बघून मला कायम एकच प्रश्न पडायचा, १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात, मग वात बदलताना काय करत असतील? शेवटी यंदा नवरात्रात आमच्या देवीच्या देवळात घटापाशी जो अखंड दिवा असतो त्याची रात्रीची पाळी मी मागूनच घेतली.

मला वाटलं होतं खरी भीती वाऱ्याची, पण दिव्याला काच आहे, पंखा बंद, दार लोटलेलं, विषय संपला. गुरवकाका म्हणाले, "वातीवर डोळा ठेव, बाकी आई बघते." आणि तेच खरं. तेल खाली गेलं की वातीला ते वर ओढता येत नाही, मग वातच जळायला लागते, टोकाला काजळीचं बोंड धरतं आणि ज्योत लालसर होऊन धूर सोडते. तेव्हा चिमट्याने वात जराशी पुढे सारायची, काजळी अलगद मोडून बाहेर घ्यायची, तेलात पडू द्यायची नाही. तेल पळीने, कडेकडेने, थोडं थोडंच.

आणि वात बदलणं! आधी नंदादीपावरूनच निरांजन लावून बाजूला ठेवायचं, काही झालंच तर ज्योत तिथे जिवंत असते. मग आधीच तेलात भिजवलेली नवी वात जुनीच्या शेजारी ठेवायची, जुनीच्या ज्योतीवर पेटवायची, दोन्ही थोडा वेळ जळू द्यायच्या, नवीने नीट धरलं की मगच जुनी काढायची. माझा हात थरथरत होता पण काका शेजारी बसून होते, एक शब्द बोलले नाहीत, आणि दोन ज्योती एकत्र झाल्या ना तेव्हा अक्षरशः डोळे भरून आले, कारण माझा महडचा प्रश्न तिथे सुटला होता.

एक मनापासून सांगतो, भाविकांनी आणलेलं तेल थेट दिव्यात ओतू देऊ नका, शेजारी वेगळं भांडं ठेवा. भक्ती असते हो त्यांची, पण एकदम ओतलं की वात बुडते. आणि घरी पहिल्यांदाच अखंड दिवा लावणार असाल तर पसरट, खोलगट दिवा घ्या, खाली ताट ठेवा, पडदे लांब बांधा, आणि पाळीला घरातली दोन माणसं तरी ठरवा, एकट्याने नऊ रात्री निघत नाहीत.