बादली, साबण, चावी

स्पेनच्या गालिसियात, सांतियागोच्या पायी यात्रेत, पोर्तोमारीन कधी आलं नि गेलं, नीट आठवत नाही. धरणात बुडणाऱ्या गावातलं चर्च दगड दगड सुटा करून वर नेऊन बांधलं, एवढं वाचलं होतं. मी तिथे फक्त बूट काढले. सारियापासून सांतियागो ११५ किलोमीटर, म्हणजे आळंदी-पंढरपूरच्या जेमतेम निम्मं, हे वहिनी रोज ऐकवत होत्या. त्यांच्या सोळा वाऱ्या झाल्यात. मागे शाळकरी पोरांचा घोळका, त्यांच्या स्पीकरवर धडधड गाणी. तोंडातला हरिपाठ दोनदा चुकला आणि मी त्या पोरांना मनातल्या मनात चांगल्या शिव्या दिल्या.

दुपारी डाव्या टाचेचा फोड फुटला. वाटेतलं औषधाचं दुकान बंद. १७ मे होता. रोसालिआ दे कास्त्रो या कवयित्रीचं गालेगो, म्हणजे इथल्या भाषेतल्या, कवितांचं पुस्तक १८६३ साली निघालं, त्याचा हा दिवस, सगळ्या गालिसियाला सुट्टी. एका कवितासंग्रहापायी मला मलमपट्टी मिळेना! रागही आला आणि हेवाही वाटला. २७ फेब्रुवारीला आपल्याला कोण सुट्टी देतं?

पालास दे रेइच्या अलीकडे एका वाडीत दगडी कणगीच्या सावलीला बसले. पाऊस भुरभुरत होता. समोरच्या घरातून ऐंशीच्या पुढची एक आजी आली, पाय बघितला, काही न बोलता आत गेली. परत आली ती हातात बादली घेऊन. 'बाल्दे,' म्हणाली. त्यात गरम पाणी, मूठभर मीठ. मग 'शाबोन.' वहिनी उडाल्याच, "वन्सं, साबण म्हणतायत हो त्या!" मी पाय बुडवला आणि ओरडले. आजी हाताने थोपटत म्हणत राहिली, 'आमोदिन्यो, आमोदिन्यो.' हळूहळू, असं ते लाडाने म्हणणं. त्यांच्याकडे कशालाही 'इन्यो' लावला की शब्द मांडीवर घेतल्यासारखा होतो.

रात्री तिथेच राहिलो. खोलीची किल्ली देताना आजी म्हणाली, 'चाबे.' मी म्हटलं, चावी. ती हसत सुटली. लुगोत शिकणाऱ्या तिच्या नातीने इंग्रजीतून उलगडून सांगितलं: मध्ययुगात गालेगो आणि पोर्तुगीज एकच भाषा होती, मग वाटा फुटल्या. आपली चावी पोर्तुगिजांबरोबर आली. लिस्बनला आता 'शाव' म्हणतात, पण जुना च या डोंगरांत तसाच राहिलाय. आणि आपल्या तोंडात!

नातीशी आजी गालेगोत बोलायची, नात उत्तर द्यायची कास्तिलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये. वहिनी पुटपुटल्या, "आमच्या ठाण्याच्या घरासारखंच." आजीच्या लहानपणी शाळेत गालेगो शब्द तोंडून निघाला की हातावर पट्टी बसे. हुकूमशहा फ्रँकोचा काळ. तो स्वतः इथलाच, फेरोलचा. १९८१ पासून भाषा सरकारी झाली, शाळेत आली, रस्त्यावरच्या पाट्यांवर आली. जुन्या पाट्यांवर 'ला कोरुन्या' या शहराच्या नावातला स्पॅनिश ल कुणीतरी रंगाने खोडलेला आम्हीही पाहिला होता. बोलणारे २४ लाखांच्या आसपास. तरी शहरातली मुलं घरी कास्तिलियनच बोलतात, नातीने सहज सांगितलं. मी विचारलं, मग तू? ती फोनकडे बघायला लागली.

मेलिदेत सगळे ऑक्टोपस खात होते, वहिनींनी नाक दाबून गाव पार केलं. आर्सुआत चीज बरं. पुढे पाऊसच पाऊस. सांतियागोच्या कॅथेड्रलसमोर, ओब्रादोइरोच्या चौकात पोचलो तेव्हा वहिनींनी ओल्या फरशीवर डोकं टेकलं. मला रडू आलं नाही, भूक लागली होती. रुमाल काढायला खिशात हात घातला तर आजीची चावी.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. बाहेरून बरोबर वाटणारं चुकीचं स्पॅनिश मी घोकून ठेवलं होतं. कारकून शांतपणे कास्तिलियनमध्ये फॉर्म समजावत होता. पाकिटात काय आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, 'चाबे.' त्याने मान वर केली आणि जो गालेगोत सुटला, तो थांबेचना. मला त्यातलं शेवटचं 'ग्रासास', म्हणजे धन्यवाद, तेवढं कळलं.