काटा मधोमध, गाडी उकळलेली

कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली. मे महिन्यात किंवा गणपतीच्या आधीच्या आठवड्यात यांतल्या कुठल्याही घाटात गेलात तर बॉनेट उघडून कडेला लागलेल्या दोन-चार गाड्या दिसतातच. चालक हातात पाण्याची बाटली घेऊन उभा असतो आणि विचारलं की सांगतो, "काटा तर मधेच होता हो!" त्याचं म्हणणं बरोबर असतं. लबाडी काट्याची असते.

जुन्या गाड्यांत तापमानाचा काटा सेन्सरला थेट जोडलेला असायचा. चढावर थोडा वर जायचा, उतारावर खाली यायचा. लोक त्यालाच घाबरून सर्व्हिस सेंटरला तक्रारी करायला लागले, तेव्हा काट्याची हालचालच दाबून टाकली गेली. आता बऱ्याच गाड्यांत पाणी ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमध चिकटून राहतो आणि नंतर एकदम लालात उडी मारतो. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच काढून टाकलाय. इंजिन थंड असताना निळा दिवा, उकळायच्या बेतात आलं की लाल दिवा, मधे काहीच नाही. त्यातही सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी गळून गेलं की तो वाफेत किंवा हवेत कोरडा राहतो आणि इंजिन जळत असताना डॅशबोर्डवर सगळं आलबेल दिसतं. पैसे वाचवायला केलेल्या कामांत मला सगळ्यात जास्त राग काटाच काढून टाकण्याचा येतो.

उपाय स्वस्त आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचा कॉम्प्युटर तपासायची खाच) लावायचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर घ्या आणि मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान आकड्यांत बघा. बहुतेक गाड्यांत नेहमीचा आकडा ८५ ते १०० च्या मधे असतो, ९५ ते १०० च्या आसपास हे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा पंखा सुरू होतो. आपल्या गाडीचा रोजचा आकडा एकदा पाठ झाला की चढावर तो १०५ च्या वर सरकायला लागताच कळतं. ११० म्हणजे थांबायची वेळ झाली.

घाटातच का तापते, याचं गणित सोपं आहे. चार माणसं आणि सामान धरून १४०० किलोची गाडी १५ मिनिटांत ६०० मीटर चढवायला नुसत्या चढाचे ९ किलोवॅट लागतात. पेट्रोलच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेला पाण्यात. म्हणजे चाकांकडे जाते साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकायची असते. न्हाणीघरातले २ किलोवॅटचे चार-साडेचार गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं हे आहे. वर एसीची भर. पुढे ट्रक रांगत असेल तर समोरून वाराही मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. मुंबईत सोसायटी ते ऑफिस एवढीच धाव असलेल्या गाडीचा अर्धा तुंबलेला रेडिएटर वर्षभर खपून जातो आणि चाकरमान्याला त्याचा पत्ता घाटात लागतो.

आता प्लॅस्टिककडे येऊ. पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर गळले की रेडिएटरवाला झाळ देऊन परत करायचा. आजच्या रेडिएटरला अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते, दोन टोकांना काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या, मधे रबरी गॅसकेट, आणि हे सगळं पत्र्याचे दात दुमडून आवळलेलं. थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) घर प्लॅस्टिकचं, इंजिनमागचा टी-जॉइंट प्लॅस्टिकचा, काही इंजिनांत वॉटर पंपाच्या आतला पंखासुद्धा प्लॅस्टिकचा. नायलॉन हलकं असतं, गंजत नाही, साच्यात हवा तो आकार घेतं, हे मान्य. पण रोज तापून-निवून सात-आठ वर्षांत ते ठिसूळ होतं. केसाएवढी चीर पडते, आणि ती गरम असताना दाबाखालीच उघडते. थंड गाडी गॅरेजमध्ये नेली की सगळं कोरडं. गळालेला थेंब इंजिनच्या गरम ब्लॉकवर पडून उडून जातो, मागे उरते फक्त गुलाबी किंवा हिरवट पापडी. जॉइंटांभोवती आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी टॉर्च मारून हीच पापडी शोधायची. नाही दिसली तर प्रेशर टेस्ट. हातपंपाने रेडिएटरच्या टोपीवर लिहिलाय तेवढा दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. तो उतरला तर गळती आहे, मग मेकॅनिक काहीही म्हणो.

माझी खरी तक्रार प्लॅस्टिक वापरलं ही नाही. मेंटेनन्सच्या तक्त्यात कूलंट बदलायची मुदत असते, बेल्टची असते, पण या भागांची नसते, जणू ते गाडीच्या जन्माला पुरणार आहेत. आणि बसवलेत कुठे, तर इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीच्या बेचक्यात. काहीशे रुपयांचा टी बदलायला इनटेकसकट अर्धं इंजिन उघडावं लागतं. म्हणून सात वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी येईल तेव्हा होस पाइप, क्लिपा, टी, थर्मोस्टॅट घरासकट आणि टोपी हे एकाच वेळी बदलून टाकावं. मजुरी एकदाच पडते. टायमिंग बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर बेल्टच्या वेळी पंपही नवा घालावा.

टोपीला लोक झाकण समजतात, पण ती प्रेशर कुकरच्या शिटीचं काम करते. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या टोपीखाली ११८ च्या आसपास. पाण्यात निम्मा कूलंट मिसळलेला असेल तर आणखी सात-आठ अंश वर. टोपीची स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत गेली. उलट ०.९ च्या जागी "जास्त चांगली" म्हणून १.१ ची बसवली तर जुनी प्लॅस्टिकची टाकी फुटायचं निमंत्रण. टोपीत एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो. गाडी निवताना शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी तो परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. तो अडकला तर बाटली फुल्ल दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा. टोपी रेडिएटरवर असलेल्या गाड्यांत म्हणूनच नुसती बाटली बघून भागत नाही, सकाळी थंड गाडीची टोपी उघडून आत बघावं. पाणी गळ्यापर्यंत हवं.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. खाऱ्या वाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे आतून खाल्ले जातात. दिसायला जाळी शाबूत, पण बोट फिरवलं की पांढरी पूड. पत्रा नळीपासून सुटला की उष्णता वाऱ्याला मिळतच नाही, आतून कितीही फ्लशिंग करा. शिवाय एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जांभ्याची लाल धूळ, पाचोळा आणि किडे यांचा थर बसतो, तो समोरून दिसत नाही. पावसाळा संपला की साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारावं. वॉशिंगवाल्याची प्रेशर गन नको, तिने पत्रे आडवे होतात.

दुसरा बळी पंख्याचा प्लग. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, मग प्लग तापून वितळतो. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो, तोही उडतो. मग पंखा हळू फिरतच नाही, तापमान फार वाढल्यावर एकदम जोरात सुरू होतो. ओळखायची खूण सोपी आहे: गाडी उभी असताना एसी गार करत नाही, चालायला लागली की करतो. असं झालं की एसीत गॅस भरायला धावू नका, आधी पंखा बघा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत मिनिटभरात तो फिरायला हवा.

आजार कुठे आहे हे गाडी कधी तापते त्यावरून बरंच कळतं. रांगेत उभी असताना तापते आणि वाऱ्याला लागली की निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज. सपाटीवर ठीक पण चढावर किंवा वेगात तापते, तर तुंबलेला रेडिएटर, अर्धाच उघडणारा थर्मोस्टॅट किंवा झिजलेला पंप. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापली तर बंद अडकलेला थर्मोस्टॅट किंवा आत अडकलेली हवा.

थर्मोस्टॅटवरून एक जुना वाद. "आपल्याकडे बर्फ पडतो काय? काढून टाका," असं सांगणारे मेकॅनिक जागोजागी भेटतात. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तो काढला की इंजिन फार वेळ थंड राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत हाच भाग तापल्यावर बायपासची वाटही बंद करतो. तो नसेल तर बरंचसं पाणी रेडिएटर चुकवून गोल फिरत राहतं आणि घाटात गाडी आणखी तापते. नवा आणलेला बसवण्याआधी दोरीला बांधून पातेल्यात उकळून बघा, उघडला तर ठीक. हळद टाकून गळती बंद करणारेही आहेत. बंद होतेही, पण तीच हळद रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. पोह्यांतच बरी.

कूलंट बर्फासाठी असतो, आपल्याला कशाला, हा त्याचाच भाऊ. कोकणात तो गंज रोखायला लागतो. खाडीकाठच्या विहिरीच्या मचूळ पाण्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालावं, कॉन्सन्ट्रेट नुसता कधीच नाही, कारण तो पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. वेगवेगळ्या जातींचे मिसळले तर गाळ धरू शकतो, आणि नुसता रंग बघून जात कळत नाही, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा. रेडिएटर रिकामा केला तरी बरंच पाणी ब्लॉकमध्ये राहतं. त्यामुळे साध्या पाण्याने धुतल्यावर आधी एकूण मापाच्या निम्मा कॉन्सन्ट्रेट ओतायचा, म्हणजे ५ लिटरच्या गाडीत अडीच लिटर, आणि मग डिस्टिल्ड वॉटरने भरायचं. भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर उघडा, रेडिएटरचा वरचा होस दाबत राहा. पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा, निवल्यावर पुन्हा भरा. काढलेला कूलंट अंगणात ओतू नका. गोड लागतो म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आणि घाटात आकडा चढायलाच लागला तर? एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, केबिनचा पंखा फुल. घामाघूम व्हाल, पण केबिनमधला तो छोटा रेडिएटर मदतीला येतो. सुरक्षित जागी थांबून, लाल दिवा नसेल आणि रेडिएटरचा पंखा फिरत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. मात्र हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर पाणी संपलंय असं समजा, काटा कुठेही असो. त्याच क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद करा. लाल दिवा किंवा वाफ दिसली तरी तेच. टोपीला किमान पाऊण तास हात नाही. वरचा होस मुठीत धरवला की ओल्या फडक्याने पाव फेरा, वाफ जाऊ द्या, मग पूर्ण. पाणी हळूहळू आणि इंजिन पुन्हा चालू करून भरा. गरम ब्लॉकवर बाहेरून पाणी ओतलंत तर हेडला (ब्लॉकवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. डिस्टिल्ड वॉटर जवळ नसेल तर बाटलीचं पाणी घाला, पावसाळ्यात पागोळीखाली धरलेलंही विहिरीच्या मचूळ पाण्यापेक्षा बरं. घरी पोचल्यावर ते काढून टाका.

एकदा खरंच उकळलेली गाडी नुसती भरून चालवत राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होस दाबून बघा. कडक लागला, सुरू केल्यावर कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेना, किंवा डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखं ऑइल आलं, तर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधली पट्टी) गेलीय. टाकीच्या तोंडावर निळं टेस्टिंग द्रव्य लावून खात्री करता येते, जळका गॅस आला की पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. हेड उतरवलंच तर लेथवाल्याकडे सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून हेड वाकलंय का ते बघून घ्या. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. आणि ताणून आवळायचे हेड बोल्ट असतील तर नवेच घालायचे, "जुने चांगलेच आहेत" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.