तारण ठेवण्याआधी एक फोन

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या एका पतसंस्थेत मी सोनेतारणाचं काउंटर सांभाळते. अर्जावर कर्जाच्या कारणाचा एक रकाना असतो. लोक त्यात शेती, शिक्षण, घरदुरुस्ती असं काहीतरी लिहून मोकळे होतात. खरं कारण दागिने तोलताना कळतं. लग्नकार्यासाठी आलेली बाई काट्याकडे बघत असते, दवाखान्यासाठी आलेली घड्याळाकडे.

त्या दिवशी आलेल्या वहिनी घड्याळाकडेही बघत नव्हत्या. जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातल्या, वय पस्तिशीच्या आतबाहेर, सोबत धाकटा दीर. भाताची मळणी आटपून वीटभट्ट्या नुकत्या पेटत होत्या, ते दिवस. त्यांनी रुमालाची गाठ सोडून बोरमाळ, कुड्या आणि मंगळसूत्राच्या वाट्या काउंटरवर ठेवल्या. काळी पोत तेवढी गळ्यात होती. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. सराफ ती धरून वजनातून वजावट करतो आणि तो आकडा ऐकला की बायकांचा चेहरा उतरतो. या बाईंच्या कानात आकडा शिरलाच नाही.

"पंचेचाळीस हजार बसवा मॅडम," दीर म्हणाला. "संध्याकाळी गाडी येणार हाय. पैसे भरल्याबिगर न्हेत न्हाईत."

कसली गाडी म्हणून विचारलं. भावाची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, दारू सोडवायची होती. कुणीतरी मोबाईलवर एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर पाठवला होता. तीन महिने ठेवणार, महिन्याचे पंधरा हजार, सगळे आगाऊ. त्यांची माणसं येऊन उचलून नेणार. पहिला महिना घरच्यांनी भेटायचं नाही. एवढं सगळं फोनवर ठरलं होतं, पण पेशंटला आत्ता काय होतंय, हे त्या फोनवर कुणी विचारलं नव्हतं.

"आता कुठे आहेत ते?" मी विचारलं.

"मागच्या खोलीत कोंडलंय," वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "कालच्यान् थेंब दिला न्हाई. आम्हीच बाटल्या फोडल्या. रातभर झोपले न्हाईत. अंग घामानं भिजलंय, हात कापूलाल्यात. आणि अक्का, सकाळपासनं हवेत विटा रचूलाल्यात. मला वळखलं न्हाई, मुकादम म्हणून हाक मारली."

नवरा वीटभट्टीवर कामाला होता. पंधरा वर्षं रोज प्यायचा. कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, तरी आमच्या भागातलं पिणं काही थांबलं नाही. चोर्ला घाटाच्या पलीकडे गोवा आहे, तिथली स्वस्त बाटली कणकुंबी-जांबोटीकडून खाली उतरते.

हवेत विटा रचण्याचं ऐकलं आणि मी हातातली पावती बाजूला ठेवली. आमच्या महिला सभासदांच्या मेळाव्यात एकदा एक डॉक्टरबाई येऊन बोलल्या होत्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं आणि किडेमुंग्या दिसतात, रोजचं काम हवेतल्या हवेत चालू होतं. घरच्यांना ते नाटक वाटतं, नाहीतर बाहेरची बाधा वाटते. वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस यात दगावतो. बाईंनी हे इतक्या कळवळून सांगितलं होतं की मनात घर करून राहिलं.

मेळाव्यात त्यांनी एक नंबरही दिला होता, 14416. टेलिमानस म्हणतात त्याला, मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. 10 ऑक्टोबर 2022 ला केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मी फोन स्पीकरवर टाकला आणि भाषा मराठी निवडली. पलीकडून एक मुलगी स्वच्छ मराठीत बोलायला लागली तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला. आमच्याकडे सरकारी कामाची सुरुवात बहुधा समोरचं कानडी समजून घेण्यापासून होते. त्यातून वेळ जातो, आणि कमी शिकलेली बाई तर अर्धं बोलणं गिळूनच टाकते. इथे वहिनींना एकही गोष्ट गिळावी लागली नाही.

शेवटचं कधी प्यायले? आधी कधी फिट आली होती का? ताप आहे? माणसं ओळखतात? उलटीत रक्त? वहिनी उत्तरं देत गेल्या. पैशाचं एक अक्षरही न काढता ती मुलगी म्हणाली, "ताई, हे आजच्या आज दवाखान्यात न्यायचं आहे. उद्यावर ढकलू नका. 108 ला फोन करा. खोलीचं दार उघडा, उजेड ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू दे. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका."

दीर अडून बसला होता. त्याचंही मला समजत होतं, गावात शब्द दिलेला, गाडी निघालेली. "सरकारी दवाखान्यात हे सगळं हुतंय व्हय?" म्हणाला. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. 2023 साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याची माहिती त्यावर होती. कोल्हापूरला न्यायचं का, असा त्याचा प्रश्न. आपलं सरकार आपल्या पाठीशी आहे असं वाटायला लावणारा तो कागद घराघरात जपून ठेवलेला आहे, आणि त्या भावनेचा मला मान आहे. पण खानापूरहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि या माणसाला तासाभरात डॉक्टर हवा होता. मी तेवढंच बोलले. मॅनेजरसाहेबांनी दागिने रुमालात बांधून वहिनींच्या हातात दिले आणि मला म्हणाले, "तुम्ही बरोबर जावा. काउंटर मी बघतो." त्या एका वाक्याचे मी आजही आभार मानते. पंचेचाळीस हजारांचं कर्ज दाराबाहेर चाललं होतं आणि त्यांनी एक क्षण विचार केला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांना आणलं तेव्हा चादरीवर बोटं सारखी काहीतरी वेचत होती. नर्सने सलाईन लावायच्या आधी एक इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी कानडीत सांगितलं ते मी वहिनींना मराठीत सांगितलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-वन हे जीवनसत्त्व उरलेलं नसतं. ते न देता आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मग शांत करणारं इंजेक्शन. अर्ध्या तासाने बोटं थांबली. तिथून रेफरचा कागद आणि अँब्युलन्स, थेट बेळगावचं जिल्हा रुग्णालय.

मला जे इतरांना सांगायचं आहे ते इथून पुढचं. वॉर्डातल्या समाजसेविका वहिनींजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेला मानसिक त्रासही धरलेला आहे, म्हणून उपचार हा पेशंटचा हक्क आहे, उपकार नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांच्या अर्जावर दाखल करता येतं, पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक जाणकार अशा दोघांनी वेगवेगळं तपासलेलं लागतं, आणि ते सुरुवातीला 30 दिवसांपर्यंतच. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. संध्याकाळी गाडी घेऊन येऊन उचलून नेणारे यातलं काय पाळणार होते, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

वहिनींनी हळूच विचारलं, "बिल किती हुईल?"

घरचं रेशनकार्ड बीपीएल होतं. खाटेचे, डॉक्टरांचे, वॉर्डातल्या औषधांचे पैसे पडले नाहीत. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. खासगी दवाखान्यात जायचं तर तातडीची वेळ सोडून सरकारी दवाखान्याचा रेफरचा कागद लागतो, म्हणूनही आधी सरकारी दारात जावं. कार्ड आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय का, हे घरी असतानाच बघून ठेवा. वॉर्डात ऐनवेळी त्यासाठी धावपळ नको.

पण खर्च झालाच नाही असं कुणी समजू नये. उपचार फुकट असले तरी आजारपण फुकट नसतं. दीराचं आणि वहिनींचं जेवण, बाहेरून करून आणलेली एक तपासणी, नवऱ्याची बुडालेली हजेरी, ऐन हंगामात वहिनींचीही बुडालेली रोजंदारी. त्यातल्या त्यात बरं म्हणजे 'शक्ती' योजनेमुळे बायकांना कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, म्हणून आधारकार्ड दाखवून त्या रोज गाव ते बेळगाव ये-जा करू शकल्या. सीमेपलीकडे जाणाऱ्या बसला ही सवलत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 घरातल्या पोरांवर गेले. आठवड्याभराने त्या परत आमच्याकडे आल्या आणि फक्त कुड्या ठेवून 8,000 नेले. पंचेचाळीस हजारांच्या जागी आठ.

आरोग्य विम्याचं विचारणारे सभासदही येतात, म्हणून तेही लिहिते. 2017 च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायचा आहे. मात्र पॉलिसींमध्ये दारू आणि व्यसनावरचे उपचार वगळणारं एक कलम असतं. उदासपणासाठी दाखल झालेल्याला पैसे मिळतील, व्यसनासाठी दाखल झालेल्याला नाकारतील. दोन्ही आजार एकाच माणसात असतात तेव्हा हे फार अन्यायाचं होतं. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका, लेखी घ्या.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते की अंगातली दारू उतरली, आता खरे उपचार सुरू. तेव्हाच वहिनींनी दबकत सांगितलं की दोन वर्षांपूर्वी जाहिरात बघून एक पूड मागवली होती, तीन हजारांची, आमटीतून गुपचूप द्यायची. डॉक्टर गंभीर झाले. दारूचा तिटकारा आणणारं डायसल्फिराम नावाचं औषध आहे. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि देखरेखीखालीच द्यायचं असतं. न सांगता पोटात गेलं आणि वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. त्या पुडीत नेमकं काय होतं कोण जाणे. पुढच्या गोळ्या त्यांनी तल्लफ कमी करणाऱ्या दिल्या आणि कशासाठी आहेत ते नवऱ्यालाच समजावून सांगितलं.

बेळगावला दर वेळी यायची गरज नाही, हेही तिथेच कळलं. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी भरते. इतकी वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं, आणि विचारलं तर शेजारच्या कुणालाच माहीत नव्हतं. 2019 च्या देशव्यापी पाहणीत असं निघालं होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसलाही उपचार मिळतो. उरलेले 37 आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्या घरचं सोनं आमच्यासारख्यांच्या तिजोरीत येतं.

काहींना निवासी केंद्र लागतंच, घरी राहून जमत नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. केंद्र सरकारच्या मदतीवर चालणारी केंद्रंही आहेत, त्यांचा पत्ता 14446 या हेल्पलाईनवर मिळतो. धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहे, लोंढ्यावरून रेल्वेने जाता येतं. कुठेही नेताना केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा आणि मगच पैशाचं बोला.

वहिनींचा नवरा यात्रेत एकदा प्यायला. दीराने त्याला मारलं नाही, कोंडलं नाही, पुढच्या मंगळवारी ओपीडीला घेऊन आला. तोच दीर आता अधूनमधून काउंटरवर येतो, कधी चुलतभावासाठी, कधी भट्टीवरच्या कुणासाठी. "अक्का, त्यो नंबर परत सांगा की."

म्हणून मी चेअरमनसाहेबांना अर्ज दिला आहे. आमच्या पासबुकाच्या मागच्या पानावर सध्या ठेवींच्या व्याजदराची जाहिरात छापतो. त्या जागी 14416, 14446, 108 आणि मंगळवारच्या ओपीडीची माहिती मराठी आणि कानडी दोन्हींत छापावी, अशी मागणी आहे. संचालकांपैकी दोघे म्हणतात, यात आपला काय संबंध. पुढच्या बैठकीत विषय येणार आहे. वहिनी सभासद आहेत, त्यांना मी तिथे बोलायला बोलावलं आहे, आणि त्या येते म्हणाल्यात.