तुम्ही विचारलंत म्हणून: तिच्याशी बोलायचं तरी काय?

मला बुलिमिया होता, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग ओकून टाकायचं, असा खाण्याचा आजार. "तू बरी कशी झालीस?" असं हल्ली फारसं कुणी विचारत नाही. विचारतात त्या मुलींच्या आया. "मुलगी जेवत नाही. जेवलीच तर लगेच बाथरूममध्ये जाते. काही म्हटलं की दार आपटते. तिच्याशी बोलायचं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून आठवेल ते सगळं सांगते. वजनाचे आणि कॅलरींचे आकडे तेवढे सांगणार नाही. या आजारातली एखादी मुलगी हे वाचत असेल तर ती त्या आकड्यांशी स्पर्धा लावेल. मी नक्की लावली असती.

माझा बुलिमिया आमच्या घरात तीन वर्षं उपासाच्या नावाखाली वावरला. आधी चतुर्थी, मग गुरुवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. "कॉलेजात जाऊन किती कडक करते हो!" असं कौतुक व्हायचं. उपास नसेल त्या रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात अंधारात उभ्यानं डबे रिकामे करायचे आणि मग ओकून टाकायचं. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडले. रक्तात पोटॅशियम फार उतरलेलं निघालं, तेव्हा घरी कळलं. ते उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून काय बोलायचं याच्याही आधी डॉक्टर गाठा.

आणि पोटात नियमानं अन्न जाऊ द्या. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृती गोळा करत बसले. तुमची मुलगी आज तुसडेपणानं वागत असेल, तर त्यातलं बरंच काही उपाशी मेंदूचं आहे. तिची तुमच्यावरची माया कुठे गेलेली नाही.

माझं पोट भरू लागलं आणि मग खरी अवघड जागा उघडी पडली. समुपदेशक बाईंनी एक वही दिली. काय खाल्लं ते त्यात लिहायचं नव्हतं. त्याआधीच्या तासाभरात काय घडलं आणि काय वाटलं, असे दोनच रकाने. पहिले 11 दिवस मी दुसऱ्या रकान्यात "काही नाही" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, मला खरंच कळत नव्हतं. लहानपणापासून राग गिळायचा, अपमान पचवायचा, दुसऱ्याची चूक पोटात घालायची, हेच शिकले होते. जे ते पोटातच. बाराव्या दिवशी लिहिलं: "बाबा काकांना फोनवर माझे मार्क सांगत होते. लाज वाटली. मग राग आला." त्या रात्रीही मी स्वयंपाकघरात गेलेच, पण पहिल्यांदा दिवा लावला.

तो राग तोंडानं बोलायला आणखी दोन महिने लागले. आई नेहमीसारखी भातवाढी घेऊन डोक्याशी उभी होती. "एवढाच घे, माझ्यासाठी." मी म्हटलं, "आई, तू अशी उभी राहिलीस की मला राग येतो. आणि आत गेलीस की भीती वाटते." तिनं भातवाढी पातेल्यात ठेवली. बोटाला शीत चिकटलं होतं, ते बराच वेळ काढत राहिली. मग म्हणाली, "शेजारी बसू का?"

तेव्हापासून ती शेजारी बसून जेवू लागली. जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं, बाबा शब्दकोडं घेऊन बसायचे. जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट. ओकण्याची ओढ लाटेसारखी चढते, आणि जागचं न हलता बसलं तर ओसरतेही, पण सुरुवातीला एकटीला ते निभत नाही. म्हणून आम्ही दोघी मेथी निवडायचो, दुसऱ्या दिवशी भाजी करायची असो वा नसो. "आई, आत्ता उठू नकोस," एवढं म्हणायला मला जे बळ लागलं, ते पोळी खायला कधी लागलं नाही.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार. त्याला हे नाव देणारे लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल यांनी 1874 साली लिहिलं होतं की अशा रुग्णांच्या शुश्रूषेला नातेवाईक सहसा सगळ्यात वाईट. पुढे 1980च्या दशकात लंडनमध्येच, मॉडस्ली रुग्णालयात, डॉक्टरांनी आईवडिलांनाच हाताशी धरून उपचार केले आणि किशोरवयातल्या रुग्णांना त्याचा गुण आला. मला दोन्ही पटतं, कारण मी डोक्याशी उभी असलेली आई पाहिली आहे आणि शेजारी बसलेलीही.

"तब्येत सुधारली हो!" हे वाक्य मात्र घरात येऊ देऊ नका. एका लग्नात मावशी हे मायेनंच म्हणाली आणि माझे पुढचे दोन आठवडे वाया गेले. आता मी सांगते, "मावशी, माझ्या अंगाबद्दल नको, बाकी काहीही विचार." हे म्हणता यावं म्हणून आरशासमोर कितीदा तरी घोकलं होतं. तुमची मुलगी अजून आजारी असेल, तर हे तिच्या वतीनं तुम्ही म्हणा, तिच्यासमोर म्हणा.

कुठून सुरुवात करायची ते सुचत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फिरवा. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी मला उपास कायमचे बंद सांगितलेत. चतुर्थीला आईचा असतो. दुपारी एक वाजता ती माझं पान वाढते, वरण-भात, वर लिंबाची फोड. स्वतःला पेलाभर ताक घेते आणि शेजारी येऊन बसते.