काम संगणकावरच, मग परदेश कशाला?

दिवाळीत अहमदपूरजवळच्या आमच्या गावी गेलो की थोरले चुलते, म्हणजे आमचे अप्पा, दरवर्षी न चुकता विचारतात, "तुझं काम सारं कंप्युटरवरच हाय म्हणतोस, मग इतक्या लांब कामून गेलास?" पहिली दोन वर्षे मी हा प्रश्न हसण्यावारी नेला. पीएच.डी.ची चार वर्षे नेदरलँड्समध्ये आणि पोस्ट-डॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनाची, दोन वर्षे जर्मनीत काढल्यावर मात्र मुलाखतींमध्ये मला विचारलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा अप्पांचा प्रश्न अधिक नेमका वाटू लागला आहे. म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहितो.

आधी काम कोणते ते सांगायला हवे, कारण आमच्या भागात त्याविषयी एक ठरलेला गैरसमज आहे. मी 'एम.डी. करतो' असे आईने एकदा गावात सांगितले, आणि लातूरसारखे 'नीट'च्या शिकवण्यांचे शहर जवळ असल्यावर एम.डी.चा अर्थ काय घेतला जाणार हे उघड आहे. एका नातेवाइकांनी मला गुडघ्याचा एक्स-रे पाठवला होता. माझे एम.डी. म्हणजे मॉलिक्युलर डायनॅमिक्स. प्रथिनाचा एक रेणू घ्यायचा, तो पाण्याने भरलेल्या काल्पनिक पेटीत ठेवायचा, प्रत्येक अणूवर इतर अणूंमुळे किती बल येते ते काढायचे, आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सगळ्यांना एक पाऊल पुढे सरकवायचे. हे पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे असते. एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचे पुन्हा दहा कोटी तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. त्यामुळे एका मायक्रोसेकंदाची हालचाल पाहायची तर तीच आकडेमोड ५० कोटी वेळा करावी लागते. तीही मुख्यतः पाण्यासाठीच, कारण एका घन नॅनोमीटरमध्ये पाण्याचे सुमारे ३३ रेणू मावतात आणि मध्यम आकाराच्या प्रथिनाभोवतीच्या पेटीत नव्वद टक्क्यांहून अधिक अणू पाण्याचेच निघतात. संगणकाची एवढी शक्ती पाणी हलवण्यात जाते हे मी गावात सांगत नाही. तिथे पाण्यावरून आधीच पुष्कळ बोलणे होते.

या शास्त्राचे एक मूळ आमच्या अंगणापासून फार दूर नाही, हे मला परदेशात गेल्यावर कळले. १९६४ साली भौतिकशास्त्रज्ञ अनीसूर रहमान यांनी अमेरिकेतील आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत द्रवरूप आरगॉन या वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर काढून दाखवली. त्याआधी १९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट यांनी परस्परांवर आदळणाऱ्या टणक गोळ्यांची गणिते केली होती, पण खऱ्या द्रवासारखी बले वापरून केलेले पहिले काम रहमान यांचे मानले जाते. त्यांचा जन्म १९२७ चा, हैदराबादचा. तेव्हा आमचा मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. आजोबांच्या काळातील जमिनीचे उर्दू कागद अजून आमच्या माळवदाच्या घरात लोखंडी पेटीत आहेत. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या वाचनालयात रहमान यांचा लेख वाचताना मला त्या पेटीची आठवण झाली, एवढेच. यातून काही मोठा सिद्धांत काढायचा नाही.

आता अप्पांचा प्रश्न. महासंगणक हे त्याचे उत्तर नव्हे. आम्ही तिथेही संगणकाला हात लावत नव्हतो. काम रांगेत टाकायचे आणि, ऊस कारखान्याला जायचा म्हणून नंबरची वाट पाहावी तशी, नंबरची वाट पाहायची. महासंगणक पुण्यात आहेत आणि त्यांच्याशी लातूरहूनही जोडून घेता येते. प्रणाली (सॉफ्टवेअर) म्हणावी, तर आमच्या क्षेत्रात घराघरात चालणारी ग्रोमॅक्स ही प्रणाली १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रोनिंगेनमध्येच जन्मली खरी, पण ती फुकट आहे, कोणीही उतरवून घ्यावी.

उत्तर माझ्या पहिल्या वर्षातील एका चुकीत आहे. सरावासाठी मला टी-४ लायसोझाइम या प्रथिनाचा एक सुधारित प्रकार दिला होता, ज्यात ९९ व्या जागेवरचे ल्युसिन हे अमिनो आम्ल काढून तिथे त्याहून लहान अ‍ॅलानिन बसवलेले असते आणि त्यामुळे आत एक छोटी पोकळी तयार होते. त्या पोकळीत पॅरा-झायलीन या छोट्या सेंद्रिय पदार्थाचा रेणू किती घट्ट बसतो, म्हणजे त्याची बंधन-ऊर्जा किती, हे मोजायचे होते. प्रयोगशाळेत मोजलेले उत्तर दर मोलला उणे ४.७ किलोकॅलरींच्या आसपास आहे. माझे उत्तर जवळजवळ तेवढेच आले. मी आनंदाने मार्गदर्शकांकडे गेलो, तर आलेख न पाहताच त्यांनी विचारले, "किती वेळा चालवलेस?" एकदाच चालवले होते. दुसऱ्यांदा, अणूंची सुरुवातीची स्थिती थोडी बदलून चालवले, तर उत्तरात ३ किलोकॅलरींचा फरक पडला. खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक म्हणजे बंधनात दहापट फरक. ३ म्हणजे दीडशे पटींहून अधिक. असे उत्तर असले काय आणि नसले काय.

दोन दिवस मी ते दुसरे उत्तर कोणाला दाखवले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याचे कारण माझ्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत आहे. ज्या महाविद्यालयात मी शिकलो तिथे अपेक्षित उत्तर आधी ठाऊक असे, आणि ते येईल अशी वाचने उलट्या बाजूने भरण्यात आम्ही तरबेज होतो; जुळले की पूर्ण गुण. जुळणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वयाच्या पंचविसाव्या वर्षी मला व्हॅलिन या एका अमिनो आम्लाने शिकवले. त्या प्रथिनातील १११ व्या जागेवरच्या व्हॅलिनची बाजूची साखळी पॅरा-झायलीन आत आल्यावर वळते, पण सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकावर चालवलेल्या हालचालीच्या, वेळात ती आपोआप वळेलच असे नाही. जिथून सुरुवात केली तिथेच ती अडकून पडते आणि उत्तर सुरुवातीवर अवलंबून राहते. माझे पहिले उत्तर जुळले होते ते योगायोगाने. गंमत म्हणजे ही अडचण २००७ मध्येच प्रसिद्ध झालेली होती आणि मार्गदर्शकांना ती पक्की माहीत होती. त्यांनी मला तीन महिने शोधू दिले. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

अप्पांना सांगायचे ते हेच. दर मंगळवारी एका खोलीत आठ-दहा माणसे बसत आणि प्रत्येकाच्या आकड्यावर बाकीचे शंका घेत. पेटी पुरेशी मोठी आहे का, पाण्याचे प्रतिमान कोणते, त्रुटी कशी काढली. त्या शंकेत अपमान नसे, आणि मार्गदर्शकांच्या आकड्यालाही त्यातून सूट नसे. 'सर' म्हणायची सवय मोडायला मला वर्ष लागले, त्यांच्या आकड्याला हरकत घ्यायला दोन. असे गट पुण्यात आणि बंगळुरूतही आहेत, हे मला नंतर कळले, एम.एस्सी. करताना नांदेडमध्ये आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शिवाय भौतिकशास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी प्रथिनांच्या साखळीचे कोन कुठे पडू शकतात हे मद्रासमध्ये बसून १९६३ सालीच मांडले. तेव्हा परदेशाखेरीज हे जमत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मला ते तिथे मिळाले, इतकेच.

आणखी एक गोष्ट तिथे मिळाली, ती म्हणजे पगार. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा नोकरदार असतो, त्यामुळे चार वर्षे घरी पैसे मागावे लागले नाहीत. गणिताचे मात्र मी जन्मभर म्हणत राहीन: बी.एस्सी.ला गणित सोडले ही माझी सर्वांत महागडी चूक होती. सांख्यिकीय यांत्रिकीची, म्हणजे असंख्य अणूंच्या सरासरी वागणुकीच्या शास्त्राची, पहिली वीस पाने समजायला मला अख्खा हिवाळा लागला.

नेदरलँड्समध्ये प्रबंधाची परीक्षा थाटाची असते. काळ्या झग्यातील प्राध्यापक, उमेदवाराच्या बाजूला दोन पाठराखे, आणि ठरलेली वेळ संपताच दंड घेऊन येणारा अधिकारी 'होरा एस्ट', म्हणजे 'वेळ झाली', असे लॅटिनमध्ये म्हणतो. उत्तर अर्धवट असले तरी परीक्षा तिथेच संपते. माझे अर्धवटच होते.

पोस्ट-डॉकविषयी इतके कौतुकाने लिहिता येणार नाही. काम उत्तम आहे. व्हॅलिनसारख्या अडकलेल्या साखळ्यांना मोकळे करण्याच्या पद्धतींवरच मी आता काम करतो. पण करार दोन वर्षांचा, आणि जर्मन कायद्यानुसार पीएच.डी.नंतर अशा मुदतीच्या करारांवर विद्यापीठात साधारण सहा वर्षेच राहता येते. त्यानंतर कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर क्षेत्र किंवा देश बदलायचा. चाळिशीच्या उंबरठ्यावरची हुशार माणसे दर वसंतात अर्ज लिहिताना मी पाहिली आहेत. परदेशी संशोधनाची छायाचित्रे पाहून निघणाऱ्या मुलांना ही बाजू आधी कळावी असे मला वाटते.

या दिवाळीत अप्पांना मी बहुतेक हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे चार माणसं भांडायला पाहिजे होती, म्हण की." मग उदगीरच्या एका ओळखीच्या एम.एस्सी.च्या मुलाला त्यांनीच माझ्याकडे पाठवले. त्याला मी रहमान यांचे ८६४ आरगॉन अणूच घरचा अभ्यास म्हणून दिले. त्या काळी मोठ्या संगणकावर चालवावे लागणारे ते गणित आज साध्या लॅपटॉपवर चालते. काल त्याचा संदेश आला की त्याच्या पेटीतील एकूण ऊर्जा स्थिर राहण्याऐवजी चढतच चालली आहे. त्याने वेळेचे पाऊल फार मोठे घेतले असावे असा माझा अंदाज आहे. ते मी त्याला अजून कळवलेले नाही. वेगवेगळी पावले घेऊन पाच वेळा चालव आणि आलेख घेऊन ये, एवढेच लिहिले आहे.