समोर बसलेल्या माणसाशी

आमच्या वेळी वक्तृत्व स्पर्धेची तयारी म्हणजे टाळ्यांची वाक्यं पाठ करणं. दोन शेर, एक सुविचार, शेवटी मूठ आवळून घोषणा. इतिहासाच्या सरांनी ही रीत मोडून काढली. आम्ही नववीत असताना तालुक्याच्या सायबर कॅफेतून त्यांनी एक इंग्रजी भाषण छापून आणलं आणि शाळा सुटल्यावर आम्हा चार-पाच जणांना ते ओळीओळीने शिकवलं. मी आज वकिली करतो. युक्तिवाद म्हणजे काय हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

ते भाषण एली वीझेल यांचं. १२ एप्रिल १९९९, व्हाइट हाउस, समोर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन. विषय होता उदासीनता. वीझेल आज रोमानियात असलेल्या सिगेत गावचे. १९४४ मध्ये, हिटलरच्या नाझी राजवटीत ज्यूंचा संहार चालू असताना, सगळ्या कुटुंबाला आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. आई आणि धाकटी बहीण तिथेच मारल्या गेल्या, वडील पुढे बुखेनवाल्डच्या छावणीत वारले. ११ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्य त्या छावणीत शिरलं तेव्हा वीझेल सोळा वर्षांचे होते.

एवढं भोगलेला माणूस बोलायला उभा राहतो, पण सुरुवातीला ‘मी’ म्हणत नाही. कार्पेथियन डोंगरातल्या एका छोट्या गावातला ज्यू मुलगा, अशी तो स्वतःची ओळख करून देतो. मग आभार मानतो. त्या सैनिकांच्या डोळ्यांत आपल्यासाठी संताप दिसला, त्याबद्दल आभार. सरांनी इथे आम्हाला थांबवलं. म्हणाले, “बघा, हे आभार खोटे नाहीत. म्हणूनच पुढचं ऐकून घेतलं जातं.”

पुढचं सोपं नाही. छावणीतल्या कैद्यांना वाटायचं, बाहेरच्या जगाला हे माहीतच नसणार; माहीत असतं तर कुणीतरी धावून आलं असतं. नंतर कळलं की वॉशिंग्टनला ठाऊक होतं. आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊकडे जाणारे रेल्वेचे रूळ निदान एकदा तरी का उडवले नाहीत, हा प्रश्न वीझेल त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या घरात उभं राहून विचारतात.

मला सर्वांत भिडला तो सेंट लुइस जहाजाचा भाग. मे १९३९ मध्ये हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन ते निघालं. बहुतेक सगळे ज्यू. क्यूबाने मोजक्यांनाच उतरू दिलं. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आलं, अमेरिकेनेही दार उघडलं नाही, आणि ते परत युरोपला गेलं. हे सांगण्याआधी वीझेल तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना मोठा नेता म्हणतात. मनाचा चांगला माणूस होता, असंही म्हणतात. आणि मग विचारतात, अशा माणसाने त्यांना का उतरू दिलं नाही? शिव्या घातल्या असत्या तर ऐकणाऱ्याने रूझवेल्ट यांची बाजू घेतली असती. चांगुलपणा आधीच मान्य केल्यामुळे बाजू घ्यायला जागाच उरत नाही. इतका नेमका युक्तिवाद मी कोर्टातही फार थोड्यांदा ऐकला आहे.

सर मात्र इतिहासाचे. भाषणात ते जहाज नाझी जर्मनीला परत पाठवल्याचं म्हटलंय, ते त्यांनी तपासायला लावलं. प्रत्यक्षात जहाज अँटवर्पला लागलं आणि ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले. पुढे जर्मन फौजा युरोपभर पसरल्या आणि त्यांतले २५४ जण मारले गेले. सरांचं म्हणणं, दुःख खरं असलं तरी तपशील चोख हवा, नाहीतर समोरच्याला पळवाट मिळते. हे मी अजून पाळतो.

भाषणात एके ठिकाणी गांधीजींपासून इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्यापर्यंतच्या हत्यांची यादी येते. ती मला तेव्हाही घाईची वाटली, आजही वाटते. पण कोसोवोचा उल्लेख मोलाचा आहे. तिथल्या अत्याचारांविरुद्ध अमेरिका आणि मित्रदेशांच्या नाटो या लष्करी संघटनेचे युगोस्लाव्हियावर हल्ले सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. या वेळी जग गप्प बसलं नाही, असं वीझेल म्हणतात; म्हणजे ऐकणाऱ्याला नुसता अपराधी ठरवून सोडत नाहीत, त्याला करण्यासारखं काही आहे हेही दाखवतात.

त्या वर्षी स्पर्धेला मी ऊसतोडीचा विषय घेतला. दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गातले काही बाक रिकामे व्हायचे, ते थेट उन्हाळ्यात भरायचे. काही भरायचेच नाहीत. मंचावर साखर कारखान्याचे एक पदाधिकारी पाहुणे होते. शाळेला मिळालेल्या देणगीबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले, माझ्या बाकावरच्या मित्राविषयी सांगितलं आणि विचारलं, “साहेब, तुमच्या कारखान्याच्या तळावर तो आत्ता काय करत असेल?” टाळ्या पडल्या नाहीत. पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला नाही, पण जाताना सरांना बाजूला घेऊन मुलांची यादी मागितली. सरांनी ती दुसऱ्याच दिवशी पोहोचवली. त्यातून फार काही घडलं नाही. मित्र मार्चच्या अखेरीस परतला, परीक्षेला कसाबसा बसला.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एक मागणं आहे. यंदा वक्तृत्व स्पर्धेचा विषय आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या दुःखाचा ठेवा, आणि ते दूर करणं ज्यांच्या हातात आहे त्यांना पहिल्या रांगेत बोलवा. बक्षिसाची रक्कम मी देईन, आणि मुलांच्या तयारीसाठी दर शनिवारी दुपारी शाळेत येईन.