पहिल्या पानाआधीचा वेळ

वैशाखात दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की सोलापुरात घरोघरी खिडक्या लावून, पंख्याखाली सतरंजी अंथरून पत्ते पिसले जातात, आणि कोणी पान टाकायला जरा वेळ लावला की "टाक की बे लवकर!" हा पुकारा ठरलेला असतो. तीही वेळेची मर्यादाच, पण ती माणूस पाहून लावली जाते. नवशिक्या भाच्याला चार क्षण अधिक मिळतात, मुरलेल्या काकांना एकही मिळत नाही. चौघांनी जोड्या करून खेळायच्या ब्रिजच्या ऑनलाइन टेबलावर पडद्याच्या कोपऱ्यात उलटे मोजणारे जे घड्याळ असते, त्याला समोर भाचा आहे की काका, याच्याशी काही कर्तव्य नसते.

माझी आत्या निवृत्तीनंतर ब्रिज शिकू लागली आणि मोबाईलवर खेळू लागली, तेव्हापासून हे घड्याळ आमच्या घरातही टिकटिकते. क्लबमधल्या स्पर्धांत दोन डावांना साधारण १५ मिनिटे देण्याची रीत आहे. ऑनलाइनच्या जलद स्पर्धांत एका डावाला पाचच मिनिटे मिळतात. बोलीला, म्हणजे किती हात करणार हे आधी सांगण्याला, एक क्षणही लागला नाही असे धरले, तरी ५२ पानांत ३०० सेकंद वाटल्यावर एका पानाच्या वाट्याला सहा सेकंदसुद्धा येत नाहीत. त्यातही डमीची, म्हणजे टेबलावर उघडी मांडलेली जोडीदाराची पाने डिक्लेअररलाच, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्यालाच खेळायची असल्यामुळे निम्म्या डावाचा भार एकाच माणसावर पडतो, आणि तो माणूस नवखा असेल तर त्याची त्रेधा उडते.

आत्याचा एक डाव मी शेजारी बसून पाहिला. बोली तीन नो ट्रम्पची, म्हणजे हुकुमाशिवाय तेरापैकी नऊ हात करणे भाग. डावीकडून बदामाची उतारी झाली, डमी उघडली, आणि मोजले तर पक्के हात सहा दिसत होते: इस्पिकचे दोन, चौकटचे तीन आणि बदामचा एक्का. उरलेले तीन किलवरमधून काढायचे होते, कारण राजा, राणी, गुलाम, दश्शी हाताशी होती; फक्त आधी विरोधकांचा एक्का बाहेर काढावा लागणार होता. अशा वेळी बदामचा एक्का लगेच मारायचा नसतो. दोन हात सोडून तिसऱ्याला तो घेतला आणि विरोधकांची बदामे पाच-तीन अशी वाटलेली असली, तर उजवीकडच्याकडे बदाम उरत नाही. मग किलवरचा एक्का त्याच्याकडे असला तरी जोडीदाराची बदामे चालवायला त्याच्या हातात पानच नसते. आत्याला ही युक्ती ठाऊक होती, वहीत तिने ती लिहूनही ठेवली होती. पण घड्याळाचे आकडे लाल झाले आणि तिने पहिल्याच हाताला एक्का मारला. किलवरचा एक्का नेमका उजवीकडे निघाला, त्याने बदाम परत खेळले, डावीकडच्याने चार हात ओढले आणि डाव एका हाताने बुडाला.

मला खटकते ते हेच. डमी उघडल्यावर पहिले पान खेळण्याआधी थांबून सगळा डाव मोजावा, हे ब्रिजमधले पहिले शिक्षण. घड्याळ नेमका तोच थांबा नवशिक्याकडून काढून घेते. पुढची कित्येक पाने तर आपोआप पडणारी असतात आणि तिथे वेळ वाचला तरी त्याचा उपयोग नसतो. अनुभवी खेळाडू सुरुवातीला रेंगाळून पुढे भराभर पाने टाकतो. नवखा याच्या उलट करतो, घाईने सुरुवात करतो आणि शेवटच्या चार पानांवर डोके धरून बसतो.

अर्थात तिकडे आणखी तिघे ताटकळत असतात, हे विसरून चालणार नाही. शिवाय ब्रिजमध्ये थांबणे हीसुद्धा खबर असते: बोली लावताना कोणी अडखळला तर त्यावरून जोडीदाराने काही ताडून तसा खेळ करू नये, असा नियमच आहे. ऑनलाइन टेबलावर चेहरे दिसत नसल्यामुळे ही अडखळ अधिकच उघडी पडते. म्हणून बोलीपुरते घड्याळ असावे, असे माझेही मत आहे. तिथली शिस्त नवख्यालाही लवकर लावून घेता येते. (आजच्या ब्रिजची, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती हॅरॉल्ड वँडरबिल्ट यांनी १९२५ साली जहाजाच्या सफरीत बसवली, तिथे कोणाला कसली घाई असणार!)

आत्याला वेळ लागतो याला वयाचे कारण मात्र कोणी सांगू नये. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या भारतीय जोडीने ब्रिजमधले पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा ते अनुक्रमे ६० आणि ५६ वर्षांचे होते. आत्याचा वेळ जातो तो मोजणी अजून अंगवळणी पडलेली नाही म्हणून. ती आता सकाळी पलंगावर खरा कॅट मांडून सव्वीस पाने उघडी ठेवते आणि हात मोजल्याशिवाय पहिल्या पानाला बोट लावत नाही. दुपारी ऑनलाइन बसली की स्पर्धा टाळून साधे टेबल निवडते आणि पाने वाटण्याआधीच लिहिते, "मी नवी आहे, डमी उघडल्यावर जरा थांबेन." बहुतेक जण चालेल म्हणतात. एखाद्याला नाही पटले तर तो उठून जातो, आणि थोड्या वेळाने त्या खुर्चीवर दुसरा कोणीतरी येऊन बसतो.